हर्णै ते हेदवी : कॅमेऱ्याची बॅग खाली न ठेवता

हर्णैला दुपारी चारनंतर मासळीचा लिलाव रंगात येतो, तेव्हा किनाऱ्यावर कोरडी जागा शोधूनही सापडत नाही. मचवे आत पाण्यात नांगरलेले असतात. तिथून होड्यांनी आणि पुढे बैलगाड्यांनी पाट्या वाळूवर येतात. सुरमई ओळीने मांडलेली, शेजारी कोळंबीचे ढीग, आणि बर्फाचं पाणी सगळ्यांच्या पायांखालून वाहत असतं. दोन वर्षांपूर्वी इथेच मी लेन्स बदलायला बॅग वाळूवर टेकवली, आणि डोक्यावर पाटी घेतलेल्या एक मावशी ओरडल्या, "दादा, पिशवी उचला, पाणी येतंय!" उचलेपर्यंत तळ भिजला होता.

खरं नुकसान दुसऱ्या दिवशी झालं. सुवर्णदुर्गाला जाताना होडीच्या तळाशी चार बोटं पाणी होतं. बॅगेवर रेन कव्हर चढवून मी ती निर्धास्तपणे पायांशी ठेवली. रेन कव्हर वरून येणाऱ्या पावसासाठी असतं, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. पाठीकडची बाजू उघडीच राहते. शिवाय कव्हर ठेवायच्या तळकप्प्याला पाणी निथळायला एक छोटं भोक असतं. निथळायच्या त्याच वाटेने खारं पाणी आत आलं. ५० मिमीची लेन्स गेली. दुरुस्तीवाल्याने ती उघडून दाखवली तेव्हा आतल्या स्क्रूंवर गंज चढलेला होता. माझ्या वडिलांनी घेऊन दिलेली लेन्स होती ती, आजही तिची हळहळ वाटते.

म्हणून यंदा फेब्रुवारीत मावसभावाबरोबर पुन्हा निघालो, तेव्हा नवी बॅग घेताना एकच गोष्ट पाहिली : जमिनीला न टेकवता ती उघडता येते का? कप्पे किती, लॅपटॉप मावतो का, हे सगळं नंतर.

मी घेतली ती पाठीकडून उघडणारी, साधारण वीस लिटरची. कमरेचा पट्टा आवळलेलाच ठेवायचा, खांद्याचे पट्टे सोडायचे आणि बॅग कमरेभोवती फिरवून पोटावर आणायची. आता पाठीची बाजू वर येते, चेन उघडली की समोर ताट मांडल्यासारखं सगळं सामान. दोन्ही हात मोकळे. लिलावाच्या गर्दीत उभ्या उभ्या तीनदा लेन्स बदलली, बॅग एकदाही खाली गेली नाही. यासाठी कमरेचा पट्टा मात्र रुंद आणि गादीचा हवा. नुसती नायलॉनची फीत असेल तर बॅग पुढे झुकते आणि लेन्स वाळूत पडायची भीती. दुकानात रिकामी बॅग पाठीला लावून काही कळत नाही. आपला कॅमेरा, लेन्स, भरलेली बाटली घेऊन जा आणि तिथेच दहा वेळा फिरवून बघा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

मावसभावाची बॅग बाजूने उघडणारी. एका खांद्यावरून ओढली की कॅमेरा लगेच हातात येतो, रस्त्यावरच्या फोटोंना ती माझ्यापेक्षा बरी. पण हलत्या होडीत एका खांद्यावर लोंबणारी बॅग सांभाळणं अवघड, आणि लेन्स बदलायची तर शेवटी ती कुठेतरी ठेवावीच लागते.

आकाराचा मोह आवरा. स्वारगेटहून दापोलीची एसटी पकडली की बॅग मांडीवरच येते, कारण वरच्या फळीवर जाड बॅग बसत नाही आणि बसली तरी घाटातल्या वळणांवर जीव टांगणीला लागतो. बॉडी, दोन लेन्स आणि वरच्या वेगळ्या कप्प्यात पंचा, टोपी, खाऊ एवढं पुरतं. बाटली कायम बाहेरच्या जाळीत. मोठ्या कॅमेरा बॅगा रिकाम्याच दोन-दोन किलोच्या असतात.

सुवर्णदुर्गाला धक्का नाही. होडी वाळूजवळ थांबते आणि गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. या वेळी बॅग छातीवर, आणि होडीत बसेपर्यंत कमरेचा पट्टा सुटा, कारण पाण्यात पडलोच तर ती झटकन काढता यायला हवी. कॅमेरा आत रोल करून बंद होणाऱ्या वॉटरप्रूफ पिशवीत. ही पिशवी स्वस्त मिळते आणि रेन कव्हरपेक्षा शंभरपट उपयोगी आहे. दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि तटावरचा मारुती सकाळच्या तिरप्या उन्हात फार सुरेख दिसतात.

तिसऱ्या दिवशी दाभोळहून फेरीने धोपाव्याला उतरलो, गुहागरला जेवलो आणि हेदवीला बामणघळ गाठली. उमामहेश्वराच्या देवळामागे खडकात ही अरुंद घळ आहे, आणि भरतीचं पाणी आत घुसलं की फवारा उंच उडतो. वेळ साधायला कोकणातला जुना हिशोब कामी आला : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. त्या दिवशी सप्तमी होती, म्हणजे सव्वापाच. अंदाजच आहे तो, पण पाच वाजता घळ गर्जायला लागली आणि उतरत्या उन्हात थेंब न् थेंब पेटल्यासारखा दिसत होता. अर्धा तास मी कॅमेरा डोळ्यांवरून काढला नाही. इथले खडक निसरडे आहेत, काठाशी जाऊ नका, आणि दोन्ही हात मोकळे ठेवा.

तो फवारा म्हणजे हवेतलं मीठ. मुक्कामी पोचल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने कॅमेरा, बकलं आणि चेनचे दात पुसा. चेनमध्ये वाळू अडकली असेल तर ओढू नका, जुन्या टूथब्रशने झाडा. एसी खोलीतून सकाळी निघताना बॅग लगेच उघडू नका. बंदच अर्धा तास बाहेर राहू द्या, नाहीतर दमट हवेत गार लेन्सवर धुकं बसतं. घरी आल्यावर सामान बॅगेत ठेवू नका. आतला फोम दमटपणा धरून ठेवतो, आणि लेन्सला बुरशी लागते ती अशीच. कॅमेरा सिलिका जेलच्या डब्यात, आणि बॅग सावलीत उलटी टांगून दोन दिवस.

माझी अजून गॅलरीत टांगलेली आहे. पुढच्या महिन्यात मावसभाऊ विजयदुर्गाला निघालाय, "दादा, तुझीच दे," म्हणाला. पट्टे त्याच्या मापाचे करून देतो आहे.