पिशवीतल्या कागदांनी बदललेलं ॲप

बीड जिल्ह्यात एकल महिलांसोबत काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेसाठी मी मोबाईलवरचं एक मार्गदर्शक साधन डिझाइन केलं. नवरा वारलेल्या किंवा नवऱ्याने सोडलेल्या बाईला कोणती सरकारी योजना लागू होते, कोणते कागद लागतात आणि ते कुठे मिळतात, एवढंच त्याने सांगायचं होतं. कार्यकर्त्या चार आणि गावं साठच्या वर. प्रत्येकीसोबत तहसीलला जाणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून हा खटाटोप.

त्याआधी मी पुण्यात बँकांची आणि ऑनलाइन दुकानांची ॲप करत होते. त्याच सवयीने पहिला आराखडा केला. आठ प्रश्न विचारायचे, उत्तरांवरून पात्रता ठरवायची आणि शेवटी योजनांची यादी दाखवायची. पहिलाच प्रश्न होता, ‘आपली वैवाहिक स्थिती निवडा’. खाली पर्याय: विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता.

पहिल्या गावात, समाजमंदिराच्या ओसरीवर, पन्नाशीच्या एका मावशींच्या हातात फोन दिला. त्या अक्षरं जुळवत वाचत होत्या. ‘विधवा’ या शब्दापाशी बोट आलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी पदर सारखा केला, फोन माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, “मालक वारले माझे. तूच दाब काय ते.”

त्या दिवशी आणखी तिघींचं बोट त्याच जागी अडलं. नवऱ्याने सोडलेल्या एका ताईंना ‘परित्यक्ता’ म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी सांगितलं, “मी माहेरी राहते, सात वर्षं झाली.” सरकारी अर्जात हे शब्द आहेत, ते कार्यकर्तीला माहीत असले की पुरे. आमच्या साधनात प्रश्न झाला, ‘मालक हयात आहेत का?’ आणि पुढचा, ‘तुम्ही सध्या कुठे राहता, सासरी की माहेरी?’ ‘हयात’ शब्द जड जाईल अशी मला धास्ती होती. पण अनुदान घेणाऱ्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्यामुळे तो शब्द गावात सगळ्यांच्या तोंडी आहे. तसंच योजनेच्या नावाचं. संजय गांधी निराधार अनुदान योजना असं पूर्ण नाव मी एकीच्याही तोंडून ऐकलं नाही. सगळ्या म्हणतात ‘निराधारचा पगार’. आम्ही मोठ्या अक्षरांत तेच लिहिलं आणि कागदोपत्री नाव खाली बारीक ठेवलं.

उत्पन्नाच्या प्रश्नाने मला सगळ्यात जास्त छळलं. या योजनेत विधवा बाईच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं लागतं. दिवसाला भागून पाहा, साठ रुपयेही होत नाहीत. मी ‘वार्षिक कौटुंबिक उत्पन्न’ विचारत होते आणि बाया मला हजेरी सांगत होत्या: खुरपणीला इतके, कापूस वेचायला किलोमागे इतके, पावसाळ्यात काम नाही. मी त्याचा वर्षाचा हिशेब करणारी आकडेमोड बसवली. आमचं साधन जवळजवळ प्रत्येकीला ‘अपात्र’ म्हणू लागलं. ज्या बाईच्या घरात मी चहा प्यायले होते, जिथे साखर शेजारून आणली होती, तिला माझ्याच पडद्यावर लाल अक्षरांत नकार आला. तो पडदा मी त्याच रात्री काढला. उत्पन्न किती हे ठरवण्याचा अधिकार तहसील कार्यालयाचा आहे, माझ्या आकडेमोडीचा नाही. आता साधन एवढंच विचारतं की उत्पन्नाचा दाखला काढला आहे का. मर्यादेची अट स्पष्ट लिहिलेली आहे, पण ‘अपात्र’ हा शब्द आम्ही कुठेही ठेवला नाही. शंका असेल तिथे कार्यकर्तीचा फोन नंबर येतो.

मध्ये काम तीन महिने रखडलं. दिवाळीनंतर गावं रिकामी झाली, माणसं ऊसतोडीला गेली. हे मला आधीच विचारायला हवं होतं. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मालक गेलेली बाई भावाबरोबर किंवा मुलाबरोबर जोडी लावून जाते, नाहीतर एकटीच, अर्धा कोयता म्हणून. म्हणजे ज्यांच्यासाठी हे साधन, त्यातल्या कितीतरी जणी अर्धं वर्ष तहसीलपासून शेकडो किलोमीटर दूर असतात. म्हणून प्रत्येक कामापुढे ‘हे गावात असतानाच करा’ किंवा ‘हे घरचं माणूस करू शकतं’ अशी खूण आली.

थांबलेल्या दिवसांतच खरी गोष्ट हाती लागली. मागे राहिलेल्या एका काकूंकडे गेले होते. योजना कोणती हे त्यांनी विचारलंच नाही. पेटीतून कापडदुकानाची पिशवी काढून त्यांनी माझ्यासमोर सतरंजीवर उपडी केली. “यातलं काय कमी हाये, तेवढं सांग.” आधार कार्ड, केशरी रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, त्याचं मतदान कार्ड, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला. सगळ्यात जपून ठेवलेला कागद होता उत्पन्नाचा दाखला, लॅमिनेशन केलेला. त्याच्यावर खाली मुदतीची तारीख होती, ३१ मार्च, आणि ती उलटून वर्ष झालं होतं. शिवाय आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं.

मी घरी येऊन सगळा आराखडा फाडला. नव्या साधनाची सुरुवात पिशवीतून होते. पडद्यावर एकेका कागदाचं चित्र येतं आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ दाबायचं. ‘बीपीएल आहात का?’ याऐवजी तीन रंगांची रेशनकार्डं दिसतात: पिवळं, केशरी, पांढरं. उत्पन्नाच्या दाखल्याच्या चित्रात मुदतीच्या तारखेभोवती लाल गोल आहे. दोन कागदांवरची नावं वेगळी असतील तर काय करायचं, याला वेगळा पडदा दिला. हे सगळं मी आधी पुठ्ठ्यावर स्केचपेनने काढून फिरवलं. पुठ्ठ्यावर बाया बिनधास्त बोट ठेवतात, खोडा म्हणतात. फोनवर दाखवलं की “छान आहे ताई” एवढंच ऐकू येतं. म्हणून मी ‘कसं वाटलं’ हा प्रश्नच सोडून दिला. त्याऐवजी सांगायचे, हे आता तुमच्या जावेला समजावून सांगा. समजावणारी बाई कुठे अडखळते ते मी वहीत टिपायचे.

फोनचं दुखणं वेगळं. बहुतेकींच्या हातातला फोन मुलाचा किंवा दिराचा. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव कसं लावायचं हे दिराच्याच फोनवर शोधलेलं मागे राहणं किती महागात पडेल, हे मला एका कार्यकर्तीने सांगितलं. म्हणून आमच्या साधनात लॉगिन नाही, ओटीपी नाही, काहीच साठत नाही. पडदा बंद केला की सगळं पुसलं जातं.

पण मग उत्तर हातात राहायचं कसं? आधी कार्यकर्त्यांना एसटीच्या तिकिटासारखी चिठ्ठी काढणारं छोटं यंत्र दिलं. पेटीत ठेवलेल्या चिठ्ठ्यांवरची अक्षरं उन्हाळ्यात उडून गेली. मग जाड कागदावर कार्ड छापलं. त्यावर कागदांची तीच चित्रं आहेत, आणि काय कमी आहे त्यावर कार्यकर्ती पेनाने गोल करते.

शेवटच्या फेरीत त्याच काकूंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. “यावर तारीख घाल,” त्या म्हणाल्या. “तहसीलीत पुसतेत, कुणी सांगितलं, कधी सांगितलं. तारीख असली की बोलाया येतं.” पुढच्या छपाईत उजव्या कोपऱ्यात तारखेची चौकट आली आणि तिच्याखाली कार्यकर्तीच्या सहीची जागा.