गिनी गवताचे पाणी आणि कुळथाचे मोड

भातकापणीनंतर जमिनीत उरलेल्या अंगओलीवर वाल आणि कुळीथ पेरण्याची आमच्या दापोलीकडे जुनी रीत आहे. गेल्या हंगामात गुरांसाठी लावलेले गिनी गवत कापून मी बांधालगतच्या पट्ट्यात आच्छादन म्हणून पसरले, आणि नेमका तिथेच कुळीथ विरळ उगवला. "गवताने ओल ओढली," असे शेजारच्या काकींचे निदान होते. ते चूकही नसावे, पण मला संशय आला तो गवतातून उतरणाऱ्या रसायनांचा.

एका वनस्पतीने सोडलेल्या रसायनांचा दुसरीवर परिणाम होतो, या प्रकाराला वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ साली 'अ‍ॅलेलोपथी' हे नाव दिले. गवतांच्या पाल्यातून फेरुलिक, पॅरा-कुमारिक यांसारखी फिनॉलिक आम्ले, म्हणजे मुळांची वाढ रोखू शकणारी वनस्पतीतली रसायने, पाण्यात उतरतात. गिनी गवत मूळचे आफ्रिकेतले, आपल्याकडे चाऱ्यासाठी आणलेले.

वाळलेला पाला दिवसभर भिजवून मी त्याचे पाणी गाळले आणि तीन बश्यांत पंचवीस-पंचवीस कुळीथ ठेवले: एकीत साधे पाणी, दुसरीत पातळ अर्क, तिसरीत दाट. चौथ्या दिवशी दाट अर्कातल्याही बहुतेक दाण्यांची साल फुटलेली होती, त्यामुळे नुसते मोड मोजले असते तर सारे आलबेल वाटले असते. भिंगातून पाहिल्यावर मात्र तिथली मुळे तांदळाच्या दाण्याएवढीच राहून टोकाशी तपकिरी पडलेली दिसली. साध्या पाण्यातल्या मुळांवरची पांढरी लव त्यांच्यावर नव्हती.

तरीही एवढ्यावरून रसायनांवर आळ घेणे घाईचे ठरेल. दाट अर्कात विरघळलेले क्षार आणि साखरा यांमुळेही दाण्याला पाणी शोषणे जड जाते, आणि तेवढ्याच तीव्रतेच्या साखरपाण्याची चौथी बशी ठेवायचे मला सुचलेच नाही. शिवाय बशी म्हणजे शेत नव्हे, कारण मातीतले सूक्ष्मजीव ही आम्ले खाऊन टाकतात आणि आपल्या जांभ्या मातीतील लोहाची ऑक्साइडे त्यांतली काही धरून ठेवतात. उलट पेरणीनंतर पाऊस नसल्याने ती धुऊन जाण्याची वाट मात्र बंद असते.

यंदा एक पट्टा उघडा ठेवणार आहे, दुसऱ्यावर तेच गवत जसेच्या तसे आणि तिसऱ्यावर, रसायने धुऊन जावीत म्हणून आठ दिवस व्हाळात (ओढ्यात) भिजवून वाळवलेले गवत तेवढ्याच जाडीने पसरणार आहे. पेंढा वापरणे सोपे होते, पण भाताच्या पेंढ्यातूनही फिनॉलिक आम्ले उतरतात. या खेपेस मोड न मोजता रोपे उपटून मुळांची लांबी मोजीन.