कातडीचा प्रकार

मे महिन्यात भर दुपारी लातूरच्या गंजगोलाई बाजारातून चालत आलेल्या बाईला ‘तुझी स्किन ऑइली का ड्राय?’ असं विचारू नये. भाचीनं विचारलं. कपाळावर तेल, गालांवर धूळ, ओठ उललेले. मी म्हणाले, “तूच बघ गं माय.”

तिनं बाटल्या मांडल्या. पुटकुळ्यांना सॅलिसिलिक ॲसिड, कारण ते तेलात मिसळून छिद्रात उतरतं. नायसिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, बहुतेकांना सोसतं. रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्व, रात्रीच लावायचं, आणि दिवस गेलेल्या बाईनं अजिबात नाही. मग हायलुरोनिक ॲसिड. ते पाणी धरून ठेवतं म्हणे. धरायला आधी पाणी नको का? 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आमच्याच लातुरात! भाची हसली नाही. तोंड ओलं असतानाच लावायचं, वरून क्रीम, नाहीतर कोरड्या हवेत ते कातडीतलंच पाणी ओढतं, असं बजावलं.

मला खरी चीड टक्क्यांची. नायसिनामाइडचे बरेचसे अभ्यास दोन ते पाच टक्क्यांवर झालेत, पण पोरींना दहाच्या खाली चालत नाही. परीक्षेतल्या मार्कांचा लातूर पॅटर्न, दुसरं काय.

एका बाटलीवर लॅक्टिक ॲसिड होतं, दह्याताकातलं आंबट तेच, आणि मला एकदम येळवस, आमची शेतातली वेळा अमावस्या, आठवली. कडब्याची कोप, आत पांडव म्हणून पुजलेले दगड, बिंदग्यातली आंबट आंबील. थंडीनं गाल उललेले असायचे. घाईनं पिताना ओघळ गालावर गेला की असं चुरचुरायचं की डोळ्यांत पाणी! आणि तरी पुन्हा वाटी पुढं. आजी पदरानं तोंड पुसायची, तेही खसाखसा, आणि रात्री करडईचं तेल चोळायची. झोपेत उशीला, गोधडीला, सगळ्याला तो वास. त्या तेलात लिनोलेइक ॲसिड भरपूर असतं, ही माहिती अर्थात भाचीची.

पण आजीचे गोडवे गाणार नाही. तिनंच या पोरीच्या आईच्या गालांना लिंबू चोळून तिला उन्हात वाळवणाच्या राखणीला बसवलं होतं. काळे डाग कितीतरी दिवस गेले नाहीत. आमच्या घरी सनस्क्रीनवर कुणी वाद घालत नाही, त्याचं कारण हे.

एका वेळी एकच नवी बाटली, आणि महिनाभर तरी वाट बघायची, असा भाचीचा नियम आहे. बघते की. तोवर मृग निघेल, हवा दमट होईल, आणि कातडी तिसऱ्याच प्रकारची झालेली असेल.