ऑनर्सची नावं गोळा करताना

ऑनर्सचं काम मी मागून घेतलेलं नाही. २०२२ च्या जुलैत विभागाच्या बैठकीला मी दहा मिनिटं उशिरा पोहोचले, तोवर परीक्षा, टाइमटेबल, स्नेहसंमेलन असं सगळं वाटून झालं होतं. जे उरलं होतं ते मला मिळालं. जळगाव जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रिकल शिकवते. आमच्याकडे ऑनर्सची सोय कागदावर होती, पण तोपर्यंत एकाही मुलाने ती पुरी केली नव्हती.

आधी मलाच ते समजून घ्यावं लागलं. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय परिषदेने, २०१८ मध्ये नमुना अभ्यासक्रम काढला. त्यात बी.टेक.ला १६० क्रेडिट (अभ्यासाचा भार मोजायचं एकक) धरले, आणि वर आणखी २० क्रेडिट मिळवणाऱ्याला ऑनर्सची वाट ठेवली. हे जादाचे क्रेडिट ऑनलाइन कोर्समधून मिळवता येतात. ते आपल्याच शाखेत खोल जाऊन मिळवले तर ऑनर्स, दुसऱ्या शाखेतले घेतले तर मायनर. मुलं मात्र दोन्हींना ‘एक्स्ट्रा विषय’ म्हणतात आणि तो शब्द ऐकूनच मागच्या दाराने निघतात. आमचा हिशेब असा: ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवरच्या एनपीटीईएलच्या (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या उपक्रमाच्या) बारा आठवड्यांच्या कोर्सला तीन क्रेडिट, आठ आठवड्यांच्या कोर्सला दोन. सहा मोठे, एक छोटा, झाले वीस. पाचव्या सत्रापासून आठव्यापर्यंत हे सात कोर्स बसवायचे. नाव द्यायला सीजीपीए, म्हणजे आतापर्यंतच्या सत्रांची सरासरी, दहापैकी साडेसात हवा आणि मागे विषय राहिलेला नको.

पहिल्या वर्षी मी काय केलं ते सांगायला लाज वाटते. सेमिनार हॉल, प्रोजेक्टर, चौतीस स्लाइड. एका मुलाने विचारलं, “मॅडम, याने पॅकेज किती वाढतं?” मी ठोकून दिलं, “वाढतंच.” मला काडीचीही माहिती नव्हती. तीन नावं आली, तिघंही वर्गातले पहिले. दोघं दिवाळीपर्यंत गळाले, तिसरा एम.टेक. प्रवेशाच्या ‘गेट’ परीक्षेच्या क्लासला लागला आणि त्याने कोर्स सोडले. वर्षअखेर शून्य. मग स्टाफरूममध्ये ‘आजकालच्या पोरांना काही नकोच’ हे मीही दोन-चारदा म्हणून घेतलं. ते वाक्य तिथे कायम तयार असतं, उचलायला कष्ट पडत नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात आईचं ऑपरेशन झालं, म्हणून मी महिना-दीड महिना अमळनेरला माहेरी राहिले आणि तिथून रेल्वेने अपडाउन केलं. डब्यात आमचीच पोरं असायची. वर्गात तोंडातून शब्द न काढणारी मुलं धरणगावच्या पुढे एकदम मोकळी व्हायची, कुणी मला जागा द्यायचं, कुणी डब्यातल्या बिबड्या पुढे करायचं. तिथे मी ऑनर्सबद्दल विचारायला लागले. समजावत काहीच नव्हते, नुसतं विचारत होते की नाव का नाही दिलं.

एकानेही ‘अवघड आहे’ म्हटलं नाही. एकीची गावाकडची शेवटची एसटी संध्याकाळी सव्वापाचला होती, आणि आमचे सगळे मार्गदर्शनाचे तास पाचनंतर. एकाला कोर्स फुकट आहे हेच ठाऊक नव्हतं. पैसे लागतात ते परीक्षेचे, तेव्हा दर परीक्षेला हजार रुपये होते, एससी-एसटीच्या मुलांना निम्मे. सात परीक्षांचे सात हजार एकदम ऐकले की पोटात गोळा येतो, सत्राला दोन हजार म्हटलं की विचार तरी होतो. दोघीतिघींनी पहिला व्हिडिओ लावून पाहिला होता, पण सरांचे उच्चार कळेनात म्हणून बंद केला. लेक्चरचा लिखित मजकूर मिळतो, काही कोर्सची मराठी भाषांतरंही आहेत, हे त्यांना सांगणार कोण? सांगायचं काम माझंच होतं, आणि माझ्या चौतीस स्लाइडमध्ये ते कुठेच नव्हतं.

पारोळा तालुक्यातला एक मुलगा डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला. घरी कोरडवाहू कापूस. तो खिडकीकडे बघत म्हणाला, “मॅडम, हाई टॉपर पोरेसनं काम शे. आमनं नही.” त्याचा सीजीपीए ७.८ होता. अटीत बसत होता, आणि ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. डिप्लोमावाल्यांचं गणित कच्चं, असं आम्हीच वर्गात बोलत असतो. ते त्याने मनावर घेतलं होतं.

त्या जुलैत मी हॉल घेतलाच नाही. परीक्षा विभागातून यादी काढली, अटीत बसणाऱ्या प्रत्येकाला एकेकटं बोलावलं आणि ‘तुझं नाव यादीत आहे’ एवढंच आधी सांगितलं. त्याचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला, खुर्चीच्या टोकावर बसलेली पोरं मागे टेकून बसायची. पॅकेजबद्दल कुणी विचारलं तर ‘माहीत नाही’ म्हणायला शिकले.

पारोळ्याच्या मुलाच्या घरीही गेले. अंगणात खाट टाकली, चहा आला. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “हाई नही करं तर डिग्री भेटी ना?” मी म्हटलं, “भेटी ना भाऊ. मध्येच सोडलं तरी आमच्याकडे साधी पदवी मिळतेच, तिला धक्का नाही.” मला वाटलं, संपलं, आता हे म्हणणार की मग कशाला. ते म्हणाले, “मंग कराले काय जास!” म्हणजे, मग करायला काय जातं! रात्री परतताना मला माझंच हसू आलं. पुढे प्रत्येक पालकाला मी हेच वाक्य ऐकवलं.

अकरा नावं आली.

खरी लढाई होती बुधवारची. दर आठवड्याची असाइनमेंट बुधवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत भरायची असते. पोरं ती ११ वाजून ४० मिनिटांनी उघडायची, आणि नेमकी तेव्हाच गावाकडे लाईट जायची. मी प्राचार्यांच्या मागे लागून मंगळवारी दुपारी दोन ते चार लॅब मिळवली, तीही टाइमटेबलमध्ये छापून. म्हणजे एसटीही चुकत नाही आणि असाइनमेंट एक दिवस आधी हातावेगळी होते. मी फारसं शिकवायचे नाही. कित्येक गणितं मलाच अडायची, मग आम्ही एनपीटीईएलची साप्ताहिक लाइव्ह शंका-सत्रं लावायचो. कानबाईच्या सणाच्या आठवड्यात निम्मी पोरं गावाला गेली. तिकडे रोट खाऊन दोघांनी मामाच्या मोबाइलवरून असाइनमेंट भरली. बारापैकी चांगल्या आठ असाइनमेंट धरतात, त्यामुळे एखादी हुकली तरी आभाळ कोसळत नाही, हे त्यांना पुन:पुन्हा सांगावं लागायचं. असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण असतात. पास व्हायला २५ पैकी १० हवेत आणि ७५ पैकी ३०, दोन्हींत वेगवेगळं.

आता माझी चूक. कोर्सची नोंदणी आणि परीक्षेची नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्सला नाव घातलं की काम झालं असंच मुलांना वाटतं, पण परीक्षेचा फॉर्म नंतर उघडतो, पैसे तेव्हा भरायचे आणि त्याची मुदतही वेगळी असते. सप्टेंबरात मी सगळ्यांना मेसेज टाकला. एका मुलीचा फोन बिघडलेला होता आणि ती भावाचा वापरत होती. तिच्यापर्यंत मेसेज पोहोचला नाही. मी यादीवर अकरा बरोबरच्या खुणा केल्या. तिची खूण मी अंदाजाने केली होती. तिने दोन कोर्स घेतले होते, एकाचा फॉर्म तिने आपणहून भरला होता, दुसऱ्याचा राहिला. मुदत टळल्यावर ती लॅबमध्ये आली आणि विचारलं, “मॅडम, दुसऱ्याचं हॉलतिकीट कधी येतं?” मी मेल केले, फोन केले. काही होणार नव्हतं. बाराही असाइनमेंट तिने भरल्या होत्या, सरासरी नव्वदच्या घरात होती. ती माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त वही मिटून दप्तरात घातली. पुढच्या मंगळवारी ती येणार नाही असं मी धरून चालले होते. ती आली, पण माझ्याशी न बोलता कोपऱ्यातल्या मशीनवर बसली. असे तीन मंगळवार गेले.

तो कोर्स जानेवारीत नव्हता. पुढच्या जुलैत पुन्हा पहिल्यापासून करावा लागला, त्या सत्रात तिचे तीन कोर्स झाले. फी मी भरली. ती नको म्हणत होती, पण ते पैसे माझ्याच चुकीचे होते.

परीक्षेसाठी आम्ही नाशिक निवडलं होतं. ऑक्टोबरअखेर, घरोघरी कापूस वेचणीची घाई, आणि ही पोरं रात्रीच्या गाडीने निघालेली. सकाळी नऊ ते बारा एक पेपर, दुपारी दोन ते पाच दुसरा. एकाचं पोर्टलवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळेना, वडिलांचं नाव एकीकडे होतं, दुसरीकडे नव्हतं. गेटवर अर्धा तास गेला, पण आत सोडलं. तेव्हापासून नाव पहिल्याच दिवशी आधारकार्डासमोर ठेवून भरून घेते.

दोघांना मात्र मी स्वतःहून ‘सोड’ म्हटलं. एकाच्या घरी वडील आजारी होते, दुसऱ्याचे नेहमीचे विषयच डळमळायला लागले होते. यावर एक सहकारी म्हणाले, आकडा कमी दिसेल. दिसू दे. आणखी दोघं नोकरीच्या तयारीत आपणहून थांबले. अकरातले सात जण २०२५ मध्ये पुरे झाले.

पॅकेजचं आता खरं सांगता येतं. पारोळ्याच्या मुलाला नोकरी लागली, तिथे पगार बाकीच्यांइतकाच ठरला. ऑनर्स शब्द मुलाखतीत कुणी काढलाही नाही. मात्र रिलेवर (बिघाड ओळखून वीज तोडायला लावणारं उपकरण) प्रश्न आला तेव्हा त्याने कागद मागून आकृती काढली आणि पंधरा मिनिटं तोच बोलत होता, असं त्याने फोनवर सांगितलं. त्यावरचा पॉवर सिस्टिम प्रोटेक्शनचा कोर्स त्याने सहाव्या सत्रात केला होता, ५८ गुण मिळाले होते. दोन गुणांनी प्रमाणपत्रावरचा ‘एलिट’ शेरा हुकला म्हणून तेव्हा रुसला होता.

ती मुलगी मध्यंतरी काही कागद न्यायला आली होती. मंगळवार होता. नवी बॅच बसली होती, तीही मागच्या बाकावर थोडा वेळ बसली, मग उठून खडू घेतला. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तिने लिहिलं, ‘कोर्सची नोंदणी वेगळी, परीक्षेची वेगळी’, आणि खाली मुदतीची तारीख. शिपायाला मी तेवढा कोपरा पुसू नको म्हणून सांगितलंय. तारीख फक्त दर सत्राला बदलते.