आत येणारं, बाहेर जाणारं

मे महिन्यात नागपुरात पाहुणा आला की चहाच्या आधी त्याला सूचना मिळते: आंघोळ सकाळीच उरकून घ्या, दुपारी नळाचं पाणी चटके देतं. गच्चीवरची काळी टाकी इतकी तापते की गीझरला दोन महिने सुट्टीच. तरी आत येणाऱ्या पाण्याचे आपल्याकडे भारी लाड. नळ आले का, प्रेशर कसं आहे, टाकी भरली का, शेजारच्यांनी मोटर तर नाही लावली? बाहेर जाणाऱ्या पाण्याची आठवण मोरी तुंबेपर्यंत कुणाला होत नाही.

खरं म्हणजे आत येणाऱ्या पाण्याला अक्कल कमी लागते, नुसता जोर पुरतो. टाकी 10 मीटर उंच असेल तर नळाशी चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलो दाब मिळतो. खालच्या मजल्यावरचा भाडेकरू धो धो न्हातो आणि टाकीच्या अगदी पायाशी राहणारा घरमालक शॉवरखाली थेंब मोजतो, यात अन्याय कुणाचाच नाही.

बाहेर जाणाऱ्या पाण्याला ढकलणारं कुणी नसतं. अर्ध्या इंची पाइपातून आलेलं पाणी चार इंचीतून जातं, तेही पाइप न भरता, निव्वळ ढाळावर. मागे आमच्याकडे बाथरूमचं काम निघालं, तेव्हा "चांगला भरपूर उतार द्या" म्हणून मी बजावलं. प्लंबरभाऊंनी पाइपावर लेव्हल ठेवली, बुडबुडा किती सरकला ते डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "ढाळ जास्त झाला न काकू, तं पाणी पुढं पळते अन् माल मांगंच राह्यते." चाळीस फुटांना एक फूट, एवढंच त्यांचं गणित. मग मगभर पाणी ओतून ते चेंबरपाशी जाऊन उकिडवे बसले, पाणी कसं येतं ते बघत.

चेंबरातून गडर लाइन. त्यातलं बरंच पाणी भांडेवाडीला शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं, म्हणजे आपल्या धुण्याभांड्याच्या पाण्यावर कुणाचा तरी कूलर फिरत असणार. उरलेलं नाग नदीतून कन्हान नदीला. गंमत अशी की जिचं पाणी आपल्या नळाला येतं ती पेंच नदीही शेवटी कन्हानलाच मिळते. आपण तिला फक्त आडवाटेनं, टाकी आणि मोरी दाखवत नेतो.

मला सगळ्यात आवडतो तो नहाणी ट्रॅप. जाळीखाली वाकडा भाग, त्यात दोन इंच पाणी अडलेलं. पाणी जातं, पण गटाराचा वास वर येऊ शकत नाही. झाकण नाही, स्प्रिंग नाही, बिघडायला काही नाहीच. संडासाच्या भांड्याखालच्या अशा वाकड्या पाइपाचं पेटंट 1775 मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं घेतलं होतं. घड्याळजीला शोभेलशीच युक्ती! हे अडलेलं पाणी खालच्या ओढीनं शोषलं जाऊ नये म्हणून गच्चीवर उघड्या तोंडाचा व्हेंट पाइप काढतात. त्याचं तोंड "पाऊस जाईल" म्हणून बंद करणारे महाभाग आमच्याच गल्लीत आहेत. मग वरचा फ्लश सोडला की खालची मोरी गुडगुडते.

नागपूरच्या उन्हापुढे मात्र कमिंगचंही काही चालत नाही. मुलं सुट्टीत मामाच्या गावाला जातात, घर बंद राहतं, ट्रॅपमधलं पाणी उडून जातं, आणि परतल्यावर दार उघडताच वास. लोक फिनाइल ओततात, उंदीर शोधतात, प्लंबरला फोन करतात. बादलीभर पाणी ओतलं की काम होतं. त्याहून सोपं म्हणजे निघताना जाळीत दोन चमचे गोडतेल सोडावं, पाण्यावर साय धरल्यासारखं पसरतं आणि पाणी उडू देत नाही. जवसाचं तेवढं नको, ते सुकून चिकटतं. आणि ते महागही झालंय, चटणीवर घ्यायला राहू द्या.