काळ्या पाट्या कमी केल्या तर?

आजचा दिवस गोव्यातल्या कळंगुट-हणजूण रस्त्यावर गेला आणि तोच वाद पुन्हा कानावर आला: रेंटच्या गाड्यांचे परवाने रोखले की अपघात कमी होतील.

मला पटत नाही. अपघात गाड्यांच्या संख्येपेक्षा त्या किती धावतात, कोण चालवतं आणि कधी, यावर ठरतात. रेंटची, म्हणजे काळी पाटी-पिवळी अक्षरंवाली स्कूटर मिळाली नाही, तर पर्यटक काही चालत जात नाही. कुणाची तरी पांढऱ्या पाटीची खासगी गाडी घेतो. ती भाड्याने देणं बेकायदा, आणि धडक झाली की खासगी पॉलिसीवरचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. म्हणजे धोका तेवढाच, फक्त कागद गायब.

खरी गडबड चावी देताना होते. बिनगियरच्या लायसन्सवर बुलेट दिली जाते. हेल्मेट आरशाला लटकतं, पट्टा तुटका. मागे बसणाऱ्याला तर तेही नाही! शहरातल्या सरळ रस्त्यावर शिकलेला माणूस इथल्या अरुंद वळणावर, जांभ्याच्या खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबतो. पुढचं चाक घसरतं, गाडी आडवी. वळणाआधीच वेग कमी करून दोन्ही ब्रेक हळूहळू लावायचे, एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात.

मर्यादा घालायचीच असेल तर रात्री घाला. बागा किनाऱ्यावरच्या शॅकबाहेर (खाण्यापिण्याच्या झोपडीबाहेर), परतीच्या वेळी, श्वासचाचणी. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. आणि रात्री बस द्या, नाहीतर प्यायलेला माणूस घरी जाणार कसा?