गुरुजींची वही आणि अर्थची पट्टी

मे महिन्यातल्या एका दुपारी पारोळा तालुक्यातलेच एक निवृत्त शिक्षक आपली जुनी गाडी ट्रॅक्टरला बांधून माझ्या गॅरेजसमोर घेऊन आले. गाडी तीन सिलिंडरची, 796 सीसी इंजिनाची, कार्बोरेटर असलेली. अशा गाड्या आता आमच्याकडे महिन्यातून एखादीच येते. गुरुजींना पत्नीच्या डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा धुळ्याला जावे लागत असे, आणि गेल्या दोन वर्षांपासून ही गाडी परतीच्या वाटेवर दगा देत होती. धुळ्याच्या आग्रा रोडवरच्या गर्दीत ती तापे, पाणी उसळू लागले की बंद करावी लागे, आणि एकदा बंद केली की तास-दीड तास सुरूच होत नसे. आजारी माणसाला गाडीत बसवून 44 अंशांच्या उन्हात रस्त्याच्या कडेला थांबणे म्हणजे काय, हे त्यांनी मला वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

"भाऊ, सकायमा एक सेल्फमा सुरू व्हस, पन तपनी का नुसती टक करस," गुरुजी म्हणाले.

या "टक"मुळे माझे अर्धे काम सोपे झाले. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, आणि त्यावर गाडीतल्या पेट्रोल पंपावर ओले फडके टाकण्याचा उपाय खान्देशातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक आहे. गुरुजींनाही तो अनेकांनी सांगितला होता. परंतु वाफेचा दोष असेल तर सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, इंजिन जोमाने फिरवतो, फक्त इंजिन पेट घेत नाही. इथे इंजिन फिरतच नव्हते, म्हणजे दोष पेट्रोलचा नसून विजेचा होता. दुसरे असे की गाडी हायवेवर तापत नव्हती, गर्दीतच तापत होती. वेगात असताना रेडिएटरला समोरून वारा मिळतो, संथ चालताना मात्र सगळा भार पंख्यावर येतो, आणि पंखा तर विजेचाच. सुरू न होणे आणि तापणे या दोन तक्रारी एकाच मुळाच्या असाव्यात, अशी शंका मला तिथेच आली.

गुरुजींनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. तीत गाडीवर झालेला प्रत्येक खर्च तारखेसह, सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता. बॅटरी नवीन, सेल्फचे काम, रेडिएटरची सफाई, पुन्हा बॅटरी, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचे पाणी अडवणारी झडप) काढला. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज तयार करणारे यंत्र, तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा "ठीक" निघाला. या सर्वांत एक नोंद मला खटकली: अ‍ॅक्सिलरेटरची केबल दोन वर्षांत दोनदा बदलली होती, कारण "केबल आतून चिकटली". पाय दाबून केबल तुटते. ती आतून वितळून चिकटावी इतकी उष्णता तिथे येते कुठून? मी पाने मागे उलटली. पहिल्या बॅटरीच्या तीन महिने आधीची नोंद होती: "संपूर्ण गाडीचे डेंटिंग-पेंटिंग."

मी गाडीचा दोर सोडवला, बॅटरी चार्जरवर लावली आणि पाणी भरून, इंजिन सुरू करून ते चांगले तापू दिले. मल्टीमीटरने अल्टरनेटरच्या आउटपुटवर आणि त्याच्याच अंगावर मोजले तर 14.2 व्होल्ट आले. लगेच बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मोजले तर 12.1. अल्टरनेटर खरोखरच ठीक होता, पण त्याने तयार केलेली वीज बॅटरीपर्यंत पुरती पोहोचत नव्हती. पंखा चालू असताना त्याच्या टोकांवर 10.8 व्होल्टच मिळत होते, म्हणजे तो जेमतेम पाऊण वेगाने फिरत होता.

मग इंजिन बंद केले, मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी इंजिनच्या धडावर धरली आणि मदतनीस पोराला सेल्फ मारायला सांगितले. या दोन ठिकाणांत सेल्फ मारताना 0.3 व्होल्टच्या आतच फरक पडायला हवा. काटा 5.2 वर गेला. बॅटरीच्या जोरातला जवळजवळ निम्मा भाग विजेच्या बॅटरीकडे परतण्याच्या वाटेवरच खर्च होत होता. मी पोराला अ‍ॅक्सिलरेटर केबलवर बोट ठेवायला लावले आणि स्वतः चावी फिरवली.

"दादा, हाई केबल तं चटका देस!" त्याने हात झटकला.

या गाडीत बॅटरीचा निगेटिव्ह बॉडीला जोडलेला होता आणि बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली, वीज बॅटरीकडे परत नेणारी अर्थ पट्टी होती. ती वाट बंद झाली की सेल्फचा करंट मिळेल त्या धातूतून परततो, आणि इथे तो अ‍ॅक्सिलरेटरच्या बारीक केबलमधून परतत होता. गाडी पिटावर घेऊन खाली पाहिले. पट्टीचे बॉडीकडचे टोक पेंटिंगच्या वेळी रंगावरच बोल्टने आवळलेले होते, आणि रंगातून वीज जात नाही; रंगाखाली गंज आणि दुसऱ्या टोकाच्या थिंबलमध्ये, म्हणजे धातूच्या कडीत, हिरवी बुरशी. बोटाने वाकवताच तारांचा अर्धा झुपका गळून हातात आला. थंड असताना उरलेल्या तारा कसाबसा करंट नेत. तापल्यावर सांधा ढिला पडे, आणि तांब्याचा रोध दर 50 अंशांमागे सुमारे 20 टक्के वाढतो, तेही त्यात भर घाली.

नवीन पट्टी टाकण्यापूर्वी मी एक जंपर केबल बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनला लावली आणि चावी गुरुजींच्या हाती दिली. तापलेली गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी ती बंद करून पुन्हा सुरू केली, आणि मग आणखी एकदा.

त्यानंतर रंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडून नवीन पट्टी आवळली, सांध्यावर व्हॅसलीन लावले आणि बॅटरीपासून गिअरबॉक्सला दुसरी जाड केबल दिली. काढून टाकलेला थर्मोस्टॅट परत बसवणे मला तितकेच आवश्यक वाटले. गाडी तापली की तो काढून टाकायचा, ही आमच्या भागातली सवय मला अजिबात पटत नाही: मूळ दोष तसाच राहतो, आणि थंडीत इंजिन वेळेवर गरम होत नसल्यामुळे पेट्रोल जास्त जाते आणि झीजही वाढते. नवा थर्मोस्टॅट पातेल्यातल्या गरम पाण्यात टाकून 82 अंशांच्या आसपास उघडतो हे गुरुजींना दाखवले. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, म्हणून रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरले.

भर उन्हात गाडी पाऊण तास उभ्या जागी चालू ठेवली. पंखा चार वेळा लागला आणि आपोआप बंद झाला. बंद करून दहा मिनिटे थांबलो, कारण बंद इंजिनची आतली उष्णता याच वेळात सर्वाधिक बाहेर येते, आणि पुन्हा चावी फिरवली. बॅटरीवर 14.0 व्होल्ट होते.

गुरुजींनी वही उघडून तारीख टाकली आणि "अर्थ पट्टी" असे लिहून त्यापुढे हे आकडे कोणत्या क्रमाने लिहायचे, ते मला विचारले.